मेलानोमाच्या स्लाइडवर टी सेल शोधायचे कसे आणि मोजायचे कसे

मेलानोमाची, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींच्या कॅन्सरची, स्लाइड पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली लावली की सगळ्यांची नजर गाठीवरच खिळते, साहजिक आहे, मोठाल्या पेशी, ठसठशीत न्यूक्लिओलस, मधे मधे तपकिरी रंगाचे ढिगारे. पण मला आज लिहायचंय ते गाठीच्या कडेने मोहरी सांडल्यासारखे जे गडद निळे दाणे दिसतात त्यांच्याबद्दल. ते लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, टी सेल त्यातलेच. कॅन्सरशी लढायला शरीराने पाठवलेली माणसं. आणि त्यांच्याबाबत पहिला प्रश्न ते कुठे उभे आहेत हा असतो, किती आहेत हा त्याच्यानंतर. शेताच्या बांधावर शंभर जण उभे आहेत आणि वावरात एकही उतरलेला नाही, तर तण तसंच राहतं ना, गाठीचं अगदी तेच आहे.

म्हणूनच या कामाला मायक्रोस्कोप लागतो. फ्लो सायटोमेट्रीमधे तुम्ही गाठ बारीक करून, पेशी सुट्या करून मशीनमधून सोडता, सीडी८ (मारणाऱ्या टी सेलवरची खूण) किती टक्के ते अगदी झकास कळतं, पण कोण बांधावर होतं आणि कोण आत होतं हे त्या मिक्सरमधेच पुसलं जातं. २०१४ साली नेचरमधे एक पेपर आला होता, पीडी-१ (टी सेलवरचा एक ब्रेक) ब्लॉक करणारं औषध सुरू करण्याआधीच्या बायॉप्सी त्यात बघितल्या होत्या, आणि ज्यांना औषध लागू पडलं त्यांच्या गाठीच्या कडेला सीडी८ पेशी आधीपासूनच जास्त होत्या. तेव्हापासून या मोजणीला वजन आलं. त्याआधी २०११ मधे टी सेलवरचा ब्रेक काढणारं इपिलिमुमॅब हे औषध आलं, २०१४ मधे पीडी-१ ब्लॉक करणारी पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब आली, असे ब्रेक काढून कॅन्सरवर उपचार होतो हे दाखवल्याबद्दल २०१८ चं नोबेल अ‍ॅलिसन आणि होन्जो यांना मिळालं, आणि फेब्रुवारी २०२४ मधे अमेरिकेत पेशंटच्याच गाठीतले लिम्फोसाइट काढून, वाढवून परत द्यायच्या थेरपीला मेलानोमासाठी मंजुरी मिळाली. म्हणजे हे निळे दाणे आता थेट औषधच झालेत.

हे लिहितोय ते पॅथॉलॉजीचे रेसिडेंट, लाइफ सायन्सचे एमएस्सी-पीएचडीवाले आणि लॅबमधले टेक्निशियन यांच्यासाठी. निदान करायचं काम पॅथॉलॉजिस्टचंच, इथे फक्त इम्यून पेशींचा अभ्यास कसा करायचा तेवढं सांगतोय.

टिश्यू नीट नसेल तर पुढचं सगळं वाया

आधी एथिक्स कमिटीची परवानगी, मग ब्लॉकला, म्हणजे मेणात बसवलेल्या टिश्यूला, हात. ब्लॉक निवडताना त्याच्या जुन्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, नेहमीचा निळा-गुलाबी रंग) स्लाइड काढून बघा आणि ज्यात गाठ, गाठीची कड आणि बाजूची नॉर्मल कातडी हे तिन्ही आहे तोच ब्लॉक घ्या, नुसता गाठीचा मधला तुकडा असेल तर बांध दिसणारच नाही आणि बांध नाही तर अर्धा अभ्यास नाही.

फिक्सेशन १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमधे, टिश्यूच्या निदान दहापट फॉर्मलिन, कमीत कमी सहा तास आणि शक्यतो तीन दिवसांच्या आत प्रोसेसिंगला. फॉर्मलिन आत खूप हळू मुरतं, जाड तुकडा असेल तर बाहेरून शिजलेला आणि आतून कच्चा राहतो, मग कडेला सीडी८ छान रंगतं, मधे रंगतच नाही, आणि आपण लिहून मोकळे होतो की पेशी फक्त कडेला आहेत!! अशी एक केस माझ्याकडे आली होती, बाहेरच्या एका छोट्या हॉस्पिटलमधून अख्खा तुकडा न कापता लहानशा बाटलीत कोंबून पाठवलेला. मधल्या भागात टी सेलची खूण सीडी३ पण नाही, बी सेलची सीडी२० पण नाही, रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर सीडी३१ सुद्धा नाही, तेव्हा लक्षात आलं की इथे पेशींचा प्रश्नच नाहीये, टिश्यूच गेलेला आहे. रक्तवाहिनी तर प्रत्येक गाठीत असते, त्यामुळे शंका आली की सीडी३१ लावून बघायची ही सवय तेव्हापासून लागली.

आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या मानाने मेलानोमा खूप कमी होतो, पण होतो तेव्हा तळपाय, तळहात, नखाखालची जागा यांचा वाटा मोठा असतो. आणि तळपायाची कातडी म्हणजे मायक्रोटोमवर सेक्शन, म्हणजे पातळ काप, काढणाऱ्याची परीक्षा. वरचा केराटिनचा थर इतका जाड आणि टणक की सेक्शनला सुरकुत्या पडतात, चिरा जातात, अँटिजेन रिट्रीव्हलच्या (अँटीबॉडी चिकटावी म्हणून स्लाइड गरम बफरमधे ठेवतात त्या) उकळीत तर आख्खा सेक्शन काचेवरून सुटून तरंगायला लागतो. उपाय साधे आहेत. कापायच्या आधी ब्लॉकचं तोंड बर्फाच्या पाण्यावर जरा जास्त वेळ ठेवा, ब्लेड नवीन लावा, सेक्शन ४ मायक्रॉनचा घ्या, स्लाइड चार्ज्डच (सेक्शन घट्ट धरणाऱ्या) वापरा, आणि ६० डिग्रीला तासभर तरी भाजा. साध्या स्लाइडवर पैसे वाचवायला जाऊ नका, एक सेक्शन सुटला की त्यावर घातलेली अँटीबॉडी पण गेली आणि ती स्लाइडपेक्षा कितीतरी महाग असते.

ब्लॉक एकदा लावला की सलग आठ-दहा सेक्शन कापून घ्या, नंबर टाका. पहिला एच अँड ई, मधले इम्युनोसाठी (अँटीबॉडीने पेशी रंगवायला), एक-दोन कोरे, आणि शेवटचा परत एच अँड ई. पहिला आणि शेवटचा जुळले तर मधे काही बदललं नाही याची खात्री.

आधी मायक्रोस्कोप सेट करा

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि बरेच जण करतच नाहीत. १०एक्स वर स्लाइड फोकस करा, खालचा फील्ड डायफ्राम बंद करा, कंडेन्सर वर-खाली करून त्या डायफ्रामची कड कडक दिसेल असं आणा, स्क्रूने ती मधोमध आणा, मग डायफ्राम फील्डच्या जेमतेम बाहेर जाईल इतका उघडा. ऑगस्ट कोलरने १८९३ मधे सांगितलेली पद्धत आहे ही, अजून तिच्यापेक्षा सोपं काही सापडलेलं नाही. यानंतर कंडेन्सरचा डायफ्राम साधारण तीन चतुर्थांश उघडा ठेवा. प्रकाश कमी करायला तो बंद करत जाऊ नका, बंद केला की सगळ्या पेशींना काळी किनार येते आणि लिम्फोसाइट आणि सुकलेली गाठीची पेशी यातला फरकच जातो.

आणि ४०एक्सच्या कोरड्या लेन्सला तेल लागलं असेल तर आधी पुसा, लेन्स पेपरनेच. अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

एच अँड ई वर ओळख

४एक्स वर पूर्ण स्लाइड फिरा. घाई करू नका. कुठे एपिडर्मिस (कातडीचा वरचा थर), कुठे गाठीचा तळ, कुठे अल्सर, कुठे जुन्या बायॉप्सीचा वण, हे सगळं बघून स्लाइडच्या मागच्या बाजूला मार्करने खुणा करा. अल्सरच्या खाली आणि बायॉप्सीच्या वणात लिम्फोसाइट असतातच, ती सूज जखमेची असते, गाठीविरुद्धची नसते, त्यामुळे हे भाग आधीच बाजूला काढून ठेवायचे.

मग २०एक्स, ४०एक्स. मोजपट्टी म्हणून लाल पेशी वापरा, ती साधारण ७ मायक्रॉन. लिम्फोसाइटचा न्यूक्लियस तिच्याएवढाच किंवा किंचित मोठा, गोल, गच्च गडद, सायटोप्लाझम जवळजवळ नाहीच. प्लाझ्मा सेलचा न्यूक्लियस एका बाजूला सरकलेला आणि आत घड्याळाच्या तबकडीसारखे ठिपके. न्यूट्रोफिलचे तीन-चार तुकडे, इओसिनोफिलला गुलाबी-केशरी दाणे. मॅक्रोफेज मोठे, फिकट, आणि मेलानोमात तर ते मेलॅनिन खाऊन फुगलेले असतात, त्यांना मेलानोफेज म्हणतात, आतला रंग जाडाभरडा असतो, गाठीच्या पेशीत मात्र तोच रंग धुळीसारखा बारीक. हा फरक डोळ्यात बसवा कारण पुढे इम्युनोमधे हाच त्रास देणार आहे.

दोन फसवणुका सांगतो. एक, मरत असलेली गाठीची पेशी आक्रसून गडद होते आणि लिम्फोसाइटसारखी दिसते, पण तिच्याभोवती गडद गुलाबी सायटोप्लाझमचं कडं असतं. दोन, काही मेलानोमात पेशीच बारक्या असतात, खालच्या भागात तर लिम्फोसाइट समजून सहज सोडून देऊ अशा, तिथे एसओएक्स१० ही मेलानोमाच्या पेशींची खूण लावल्याशिवाय पैज लावू नका. एसओएक्स१० न्यूक्लियसमधे येतो आणि लिम्फोसाइटमधे येत नाही. एस१०० पण चालतो पण तो लँगरहान्स पेशींनाही रंगवतो. या लँगरहान्स पेशींची गोष्ट मला फार आवडते, पॉल लँगरहान्सने १८६८ मधे, बर्लिनमधे शिकत असतानाच, गोल्ड क्लोराइडने कातडी रंगवून त्या दाखवल्या आणि फांद्या बघून त्याला वाटलं या नर्व्हच्या पेशी आहेत. त्या इम्यून पेशी आहेत हे कळायला शंभर वर्षं गेली. आज आपण सीडी१ए लावून त्यांना सहज ओळखतो.

आता ग्रेड. जुनी आणि अजूनही सगळीकडे चालणारी पद्धत क्लार्क या पॅथॉलॉजिस्टची: ब्रिस्क, नॉन-ब्रिस्क, अ‍ॅबसेंट. लिम्फोसाइट गाठीच्या पेशींमधे घुसून, त्यांना वेगळं करत, गाठीच्या तळाच्या पूर्ण लांबीवर किंवा पूर्ण गाठभर पसरलेत तर ब्रिस्क. एखाद-दुसऱ्या ठिकाणीच घुसलेत तर नॉन-ब्रिस्क. आणि अजिबात नाहीत, किंवा आहेत पण घुसलेले नाहीत, तर अ‍ॅबसेंट. हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा. मी स्वतः पहिल्यांदा नीट बसून ग्रेड केलेली केस तळपायाची होती, त्या बाईंनी वर्षभर कुरूप समजून घरी पट्ट्या लावलेल्या. गाठीभोवती लिम्फोसाइटची चांगली जाड झालर होती, मी नॉन-ब्रिस्क लिहिलं, आणि आमच्या मॅडमनी ४०एक्स लावून मला एकच विचारलं, "यातली एक तरी पेशी दोन मेलानोमा पेशींच्या मधे दाखव." वीस मिनिटं शोधलं. एकही नव्हती. अ‍ॅबसेंट. सगळे बांधावर.

ऑस्ट्रेलियातल्या मेलानोमा इन्स्टिट्यूटच्या लोकांनी २०१२ मधे ० ते ३ अशी ग्रेड दिली, त्यात किती दाट आणि किती पसरलेले या दोन्हीचा विचार होतो. जमलं तर दोन्ही पद्धतींनी लिहून ठेवा, नंतर कोणाशी तुलना करायची वेळ आली तर उपयोगी पडतं. लिम्फ नोडमधल्या मेटास्टेसिसवर (तिथे पसरलेल्या गाठीवर) मात्र हे ग्रेड लावताना जपून, तिथले लिम्फोसाइट मुळात त्याच घरचे असतात.

इम्युनो, आणि तपकिरीवर तपकिरी

एच अँड ई वर लिम्फोसाइट कळतो, पण तो टी आहे की बी, मारणारा आहे की आवरणारा हे कळत नाही. त्यासाठी अँटीबॉडी. सुरुवातीला चारच घ्या: सीडी३ म्हणजे सगळे टी, सीडी८ म्हणजे मारणारे, एफओएक्सपी३ म्हणजे बहुतेक करून आवरणारे, आणि सीडी२० म्हणजे बी. बी पेशींना कमी लेखू नका, २०२० मधे नेचरमधे एकदम तीन पेपर आले, गाठीत बी पेशींचे गोळे, म्हणजे छोट्या लिम्फ नोडसारख्या रचना असतील तर इम्युनोथेरपीला प्रतिसाद चांगला असतो असं त्यात होतं, त्यातले दोन मेलानोमावरचे होते. सीडी४ (मदतनीस टी सेलची खूण) मी सुरुवातीला टाळायला सांगतो, तो मॅक्रोफेजवर पण हलका येतो आणि नवीन माणूस गोंधळतो.

प्रक्रिया थोडक्यात अशी. पॅराफिन काढा, पाण्यात आणा. अँटिजेन रिट्रीव्हल, सायट्रेट पीएच ६ किंवा ट्रिस-ईडीटीए पीएच ९, साधारण ९५ ते ९८ डिग्रीला २० मिनिटं, आणि नंतर भांडं तसंच बाहेर काढून २० मिनिटं निवू द्या, घाईने थंड पाणी ओतलं तर सेक्शन सुटतात. कुठला बफर ते अँटीबॉडीच्या कागदावर लिहिलेलं असतं, तरी आपल्या टिश्यूवर दोन्ही करून बघा. मग ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, मग प्रोटीन ब्लॉक, मग अँटीबॉडी, मग पॉलिमर (रंग आणणारं एन्झाइम लावलेला), मग रंग, आणि शेवटी हिमॅटॉक्सिलिन अगदी हलकं. हिमॅटॉक्सिलिन जास्त झालं तर एफओएक्सपी३ निळ्याखाली बुडून जातो. अँटीबॉडीचं डायल्युशन पुस्तकातलं जसंच्या तसं घेऊ नका, टॉन्सिलवर चार वेगवेगळ्या पातळ्या करून बघा आणि ज्यात पेशी स्पष्ट आणि मागचं सगळं स्वच्छ ती घ्या. टॉन्सिल हा कंट्रोल म्हणून सोन्यासारखा आहे, गोल फॉलिकलमधे सीडी२० आणि फॉलिकलच्या मधल्या जागेत सीडी३, नकाशा उलटा आला तर काहीतरी चुकलं. प्रत्येक बॅचमधे टॉन्सिल हवाच, आणि एक स्लाइड अँटीबॉडी न घालता.

आता खरी अडचण. नेहमीचा रंग डीएबी, तो तपकिरी. मेलॅनिन पण तपकिरी. गडद रंगाच्या मेलानोमात डीएबी लावलंत तर मेलानोफेजचे थवेच्या थवे सीडी८ पॉझिटिव्ह म्हणून मोजले जातील, आणि हे फक्त नवशिक्यांचं होतं असं नाही, सॉफ्टवेअरचं तर हमखास होतं. यावर चार मार्ग आहेत.

सगळ्यात सोपा, लाल रंग वापरा. एईसी वापरलं तर लक्षात ठेवा ते अल्कोहोलमधे विरघळतं, त्यामुळे नेहमीसारखं अल्कोहोल-झायलीन करून डीपीएक्स (वरची काच चिकटवायचा डिंक) लावलंत तर सगळं रंगकाम धुवून जाईल, पाण्यावरचंच माउंटिंग लागतं. अल्कलाइन फॉस्फटेजवर चालणारे लाल रंग जास्त टिकतात, त्यातले काही नेहमीच्या माउंटिंगमधे पण राहतात, बाटलीवरचा कागद वाचा. मी आता मेलानोमाला लालच वापरतो, पुन्हा डीएबीकडे जावंसं वाटलं नाही.

दुसरा मार्ग, डीएबीच ठेवा पण हिमॅटॉक्सिलिनच्या जागी जिम्सा वापरा. मेलॅनिन हिरवट-निळं होतं आणि डीएबी तपकिरीच राहतो. कमी खर्चात होणारा आणि जुन्या किटवर चालणारा उपाय आहे, छोट्या लॅबला मी हाच सुचवेन.

तिसरा, ब्लीच. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने मेलॅनिन पटकन उडतं पण अँटिजेनला मार बसतो, कोमट पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडने हळू जातं पण टिश्यू जरा सांभाळला जातो. जे कराल ते टॉन्सिलवर पण करा, ब्लीच केलेल्या टॉन्सिलमधे सीडी८ तितकाच दिसतोय का ते बघा, नसेल तर तुमच्या गाठीतल्या आकड्याला अर्थ नाही. चौथा मार्ग म्हणजे फ्लोरेसन्स, म्हणजे चमकणारे रंग, तो पुढे येतोच.

यातलं काहीही करा, पण अँटीबॉडी न घातलेली स्लाइड शेजारी ठेवूनच मोजा. तिथे जे तपकिरी दिसतंय ते मेलॅनिन, विषय संपला. आणि आकार बघा. सीडी८ पेशीच्या भिंतीवर येतो, म्हणजे निळ्या न्यूक्लियसभोवती बारीक बांगडी. एफओएक्सपी३ न्यूक्लियसमधेच येतो, म्हणजे भरलेली टिकली. मेलानोफेज बांगडीही नाही आणि टिकलीही नाही, तो नुसता गोळा असतो.

मोजणी

"५ हाय पॉवर फील्डमधे २१४ पेशी" असं लिहिलेलं मी अजूनही प्रबंधांमधे बघतो आणि वाईट वाटतं, कारण एवढी मेहनत करून तो आकडा दुसऱ्या कोणाला वापरता येत नाही. हाय पॉवर फील्ड प्रत्येक मायक्रोस्कोपचं वेगळं असतं. आयपीसवर फील्ड नंबर लिहिलेला असतो, १८, २०, २२ असा काहीतरी. त्याला ऑब्जेक्टिव्हने भागा, फील्डचा व्यास मिलिमीटरमधे मिळतो. २२ भागिले ४० म्हणजे ०.५५ मिमी, क्षेत्रफळ साधारण ०.२४ चौरस मिमी. १८ असेल तर व्यास ०.४५ आणि क्षेत्रफळ ०.१६. आता समजा पाच फील्डमधे २१४ पेशी मोजल्या, तर पहिल्या मायक्रोस्कोपवर ते चौरस मिलिमीटरला साधारण १८० होतात आणि दुसऱ्यावर २७० च्या आसपास, पेशी तेवढ्याच मोजल्या आणि उत्तरात दीडपट फरक! म्हणून नेहमी प्रति चौरस मिमी लिहा.

तीन जागा वेगळ्या मोजा आणि वेगळ्या लिहा. गाठीच्या आत, म्हणजे गाठीच्या पेशींना खेटून असलेल्या. गाठीतल्या स्ट्रोमामधे, म्हणजे गाठीच्या घरट्यांमधल्या तंतुमय पट्ट्यात. आणि कड, जिची रुंदी तुम्ही आधी ठरवून ठेवायची, अर्धा मिमी आत आणि अर्धा मिमी बाहेर अशी एकूण १ मिमीची पट्टी बरेच जण घेतात. तिन्ही एकत्र करून एकच सरासरी काढली की बांध आणि वावर परत एक झाले.

फील्ड निवडण्याचं पण आधीच ठरवा. सगळ्यात दाट जागा निवडणार की ठराविक अंतराने पुढे सरकत जाणार. दोन्ही चालतं, पण एका केसला हे आणि दुसरीला ते असं नको. मी ठराविक अंतराने जातो, कारण दाट जागा शोधायला लागलं की डोळा आपल्याला हवं तेच शोधतो. फील्डच्या कडेवर अर्धवट आलेल्या पेशींचं एकच धोरण: वरच्या आणि डाव्या कडेवरच्या घ्यायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या. मोजताना पेशंटला औषध लागू पडलं की नाही हे तुम्हाला माहीत नसावं, लेबलवर कागद चिकटवून दुसऱ्या कोणाकडून नंबर टाकून घ्या. दोन आठवड्यांनी त्याच स्लाइड परत मोजा, आणि काही स्लाइड दुसऱ्या माणसाला द्या.

स्कॅनर उपलब्ध असेल तर क्युपाथ हे स्लाइडवरच्या पेशी मोजायचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि साध्या लॅपटॉपवरही बरंच काम होतं. स्लाइड उघडल्यावर आधी स्टेन व्हेक्टर (प्रत्येक रंगाची नेमकी छटा) आपल्या स्लाइडवरून काढून घ्या, मग हाताने गाठ, स्ट्रोमा, कड अशा सीमा आखा, मग पॉझिटिव्ह सेल डिटेक्शन. स्कॅनरने २०एक्सला स्कॅन केलं असेल तर एक पिक्सेल साधारण ०.५ मायक्रॉन असतो आणि ते फाइलमधे लिहिलेलं येतं, पण कॅमेऱ्याने काढलेल्या साध्या फोटोत ते नसतं, तिथे स्टेज मायक्रोमीटरचा फोटो काढून पिक्सेलचं माप स्वतः भरावं लागतं, नाहीतर सॉफ्टवेअर चौरस मिमी काढणार कुठून. आणि सॉफ्टवेअरने मोजलं म्हणजे झालं असं नाही, प्रत्येक स्लाइडवर पाच-सहा ठिकाणी झूम करून बघा की त्याने नक्की काय मोजलंय. माझ्याकडे त्याने एकदा घामाच्या ग्रंथीचा आख्खा पुंजका सीडी८ म्हणून मोजला होता.

फ्लोरेसन्स कधी

जेव्हा एकाच पेशीवर दोन-तीन गोष्टी एकदम बघायच्या असतील तेव्हा. उदाहरणार्थ सीडी८ पेशी आत आहे खरी, पण तिच्यावर पीडी-१ आहे का, आणि शेजारची पेशी मेलानोमाची आहे की मॅक्रोफेज. मग एसओएक्स१०, सीडी८, पीडी-१ आणि न्यूक्लियससाठी डॅपी, असे चार रंग. सुरुवातीला चारच्या पुढे जाऊ नका. दोन अँटीबॉडी सशाच्या आणि दोन्हींवर सशाविरुद्धची सेकंडरी (पहिल्या अँटीबॉडीला धरणारी, रंग लावलेली) असं झालं की सगळंच सगळीकडे चमकतं, त्यामुळे कुठली कुठल्या प्राण्यातली ते आधी कागदावर मांडा.

फॉर्मलिनमधली कातडी स्वतःच चमकते, हे सगळ्यात मोठं दुखणं. कोलॅजेन, इलॅस्टिन, लाल पेशी, वरचं केराटिन, सगळं हिरव्यात उजळतं. म्हणून तो कोरा सेक्शन जपून ठेवायचा, काहीच न लावता त्याच एक्सपोजरवर फोटो काढायचा आणि त्यात जेवढं दिसतं त्याच्या वरचंच खरं मानायचं. सुदान ब्लॅक बी, ०.१ टक्के, ७० टक्के अल्कोहोलमधे, हे लावलं की बरीच चमक दबते. सगळ्यात कमी आणि नाजूक सिग्नल असलेली अँटीबॉडी लांब लाल रंगात, म्हणजे ६४७ क्रमांकाच्या रंगात टाका, तिथे कातडीची स्वतःची चमक कमी असते. जिथे मेलॅनिन गच्च आहे तिथे मात्र सिग्नल गिळला जातो, त्या जागा मोजणीतून काढून टाका आणि किती काढल्या ते लिहा.

कॉन्फोकलच (एकाच पातळीचं स्पष्ट चित्र देणारा मायक्रोस्कोप) हवा असा हट्ट बरेच विद्यार्थी धरतात. ४ मायक्रॉनच्या सेक्शनला खरं तर त्याचा फार उपयोग नाही, सेक्शनच इतका पातळ की वरखालचं धूसर करायला आत काही नसतंच, साधा फ्लोरेसन्स मायक्रोस्कोप पुरतो. ३०-५० मायक्रॉनचा जाड सेक्शन घेऊन पेशी एकमेकींभोवती कशा गुंडाळल्यात ते बघायचं असेल तेव्हा कॉन्फोकल. आणि दोन पेशी फोटोत चिकटलेल्या दिसल्या म्हणून टी सेलने हल्ला केला असं लिहू नका, प्रकाशाची मर्यादा साधारण ०.२ मायक्रॉन, त्याच्या आतलं अंतर आपल्याला दिसतच नाही.

जिवंत पेशी हलताना बघायच्या तर टू-फोटॉन मायक्रोस्कोप, ते उंदरावरचं काम. माणसावर न कापता बघायचं तर रिफ्लेक्टन्स कॉन्फोकल, तो मायक्रोस्कोप थेट कातडीवर टेकवतात आणि साधारण २०० मायक्रॉनपर्यंत आतलं दिसतं. मेलॅनिन त्यात आपोआप चमकतं, आणि १९९५ मधे हे दाखवणाऱ्या पेपरचे पहिले लेखक मिलिंद राजाध्यक्ष, ते आडनाव वाचून मला किती आनंद झाला होता ते अजून आठवतंय. त्यात एपिडर्मिसमधे फांद्या असलेली चमकदार पेशी दिसली तर ती मेलानोसाइट असू शकते किंवा लँगरहान्स, नुसत्या आकारावरून ठरवता येत नाही, बायॉप्सीवर सीडी१ए लागतोच.

जपणूक

कापलेले सेक्शन महिनोन् महिने ड्रॉवरमधे ठेवू नका, हवेत अँटिजेन हळूहळू कमी होतो, सीडी८ तग धरतो पण नाजूक अँटीबॉडी आधी जातात. लागतील तेवढेच कापा, उरले तर थंड आणि कोरड्या डब्यात ठेवा आणि कापल्याची तारीख स्लाइडवर पेन्सिलने, पेनाची शाई झायलीनमधे जाते. फ्लोरेसन्सच्या स्लाइड अंधारात, ४ डिग्रीला, आणि फोटो त्याच आठवड्यात.

मुंबई-कोकणातल्यांनी पावसाळ्यात ऑब्जेक्टिव्हची काळजी वेगळी घ्या. जूनपासून हवेत इतका ओलावा असतो की लेन्सच्या आत बुरशीचं जाळं धरतं, सुरुवातीला फोटो फक्त किंचित धुरकट वाटतो आणि आपण स्टेनिंगला दोष देत बसतो. ऑब्जेक्टिव्ह काढून सिलिका जेलच्या घट्ट डब्यात ठेवा, जेल निळ्याचं गुलाबी झालं की ओव्हनमधे तापवून परत निळं करा, आणि दर सोमवारी एकच ठरलेली टॉन्सिलची स्लाइड त्याच एक्सपोजरवर फोटो काढून जुन्या फोटोशेजारी लावून बघा.